मांडवातला रस्सा

बाटलीचं झाकण उघडलं आणि अख्ख्या प्रयोगशाळेत मटणाच्या रश्श्याचा वास सुटला.

"धोटे, डबा इथे उघडायचा नाही, किती वेळा सांगायचं?" देवतळे सर केबिनमधून म्हणाले.

"डबा नाही सर, पुरावा आहे."

सर उठून आले. रुंद तोंडाची काचेची बाटली, तिच्यावर मोडलेलं लाखेचं सील आणि आत लालभडक तर्रीत बुडालेले मटणाचे काही तुकडे. सरांनी बाटली उजेडात धरली, नाक जवळ नेलं आणि म्हणाले, "दगडफूल, खसखस, सुकं खोबरं. हळदीचा हात सैल आहे. ह्यातून डीएनए काढायचा म्हणजे आली का पंचाईत."

नागपूरच्या त्या प्रयोगशाळेत लागून मला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. जंगलखात्यानं पकडलेला माल आमच्याकडे यायचा. कातडी, नखं, हाडं, मांस. कोणत्या जनावराचं ते आम्ही सांगायचं, पुढचं कोर्ट बघून घेईल. मांस आलं तरी कच्चं यायचं, फार तर सुकवलेलं. असं फोडणी देऊन रटरटा शिजवलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. सकाळी घाईत नुसती पोळी खाऊन आलेली मी, माझी काय अवस्था झाली असेल ते विचारू नका.

प्रकरण पिपरखुटी नावाच्या गावचं. गाव जंगलाला लागून. तिथल्या नाल्यात एका चितळाचं मुंडकं आणि कातडं सापडलं, आणि दुसऱ्याच दिवशी गावात लहानू शेंद्रे नावाच्या माणसाकडे मुलीच्या लग्नाचा मांडव होता. मांडवाच्या दिवशी त्यांच्यात मटणाचं जेवण असतं. रेंजर साहेबांना संशय आला. पंगत बसायच्या आत त्यांनी चुलीवरच्या मोठ्या गंजातून रस्सा काढून बाटलीत भरला आणि लहानूला म्हणाले, बोकड होता तर कातडं दाखव, मुंडकं दाखव. त्याला ते दाखवता आलं नाही. तो म्हणाला, बोकड नवसाचा होता, पहाटे जंगलातल्या देवापाशी कापला, मुंडकं नि कातडं रिवाजाप्रमाणे पुजाऱ्याकडे राहिलं. पुजारी म्हणाला, मला काही ठाऊक नाही. राखीव जंगलात बोकड कापायला बंदी, तो कशाला हो म्हणतो? लहानू आत गेला. नवरदेवाकडच्यांनी निरोप पाठवला, निकाल लागू द्या, मग लग्नाचं बघू.

ह्यातलं अर्धं मला सोबतच्या कागदांवरून कळलं आणि अर्धं फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर. तिथल्या बाकावर एक मुलगी येऊन बसायची. हातात हिरवा चुडा, गळा मात्र मोकळा. एके दिवशी तीच उठून माझ्याजवळ आली.

"मॅडम जी, पिपरखुटीचं मटण तुमच्याचकडे आलं ना?"

"तू कोण?"

"मी बेबीनंदा. लहानू शेंद्रेची पोरगी."

नियमाप्रमाणे मी तिथून उठायला हवं होतं. पण चहा अर्धा होता, आणि गरम चहा टाकून उठणं माझ्यानं आजवर झालेलं नाही.

"बोकडच होता जी," ती म्हणाली. "मी सोता पाह्यला. आंगणात बांधला होता. काळा, कानावर पांढरा ठिपका. मी त्याले पाला टाकला. साहेबालेबी मी हेच सांगतलं."

"मग घाबरतेस कशाला? बोकड असेल तर बोकड निघेल."

"निघन ना?"

"आमच्या मशीनला कोणाची सोयरीक नसते. जे असेल ते सांगते."

ती थोडा वेळ बांगड्या मागेपुढे करत राहिली. "बाबाले कोंडून राहाची सवयच नाही जी. भेटाले गेली तं म्हणते, घास जात नाही. माह्या लग्नाचं काय झालं म्हणून इचारते अन् रडते. मी त्याले कधी रडताना पाह्यलं नव्हतं."

मी तिला चहा सांगितला आणि उठले. त्यानंतर ती दिसली की मी मान हलवायची आणि तिचं सुरू व्हायचं. काळा बोकड, कानावर पांढरा ठिपका, पाला. रोज तेच, त्याच शब्दांत.

इकडे बोकड निघणार तरी कसा, काहीच निघत नव्हतं. मांसातून डीएनए काढून मशीनमध्ये त्याच्या प्रतींवर प्रती काढाव्या लागतात, तेव्हा कुठे तो दिसण्याइतका होतो. पहिल्यांदा केलं, कोरं. दुसऱ्यांदा केलं, कोरं. तिसऱ्यांदा मी मुद्दाम त्यात आमच्याकडचा ओळखीचा कोंबडीचा डीएनए मिसळला. तोही गायब. म्हणजे दोष मांसाचा नव्हता, मसाल्याचा होता. हळद, तिखट, तेल, सगळं डीएनएबरोबर चिकटून यायचं आणि प्रती काढायचं काम तिथेच बंद पाडायचं. बाटलीत आता एकच तुकडा उरला होता, सुपारीएवढा.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "निष्कर्ष काढता आला नाही, असं लिहून देऊ आणि मोकळे होऊ. खोटं तर लिहीत नाही आपण."

"आपण मोकळे होऊ सर. तो आत राहील."

"कोण तो?"

मी टेबलावरचे कागद सरळ करायला लागले.

"टपरीवरच्या त्या मुलीशी बोलतेस ना तू?"

"ती बोलते. मी चहा पिते."

सर हसले नाहीत. एरवी माझ्या असल्या बोलण्यावर ते हसायचे. "धोटे, तुला बोकड हवाय. अमुकच निघावं असं ज्याला वाटतं, त्यानं नमुन्याला हात लावू नये."

राग आला मला. राग ह्याचा, की माणूस खरं बोलत होता. "नाही लावत," मी म्हटलं. "तुम्ही करा. पण त्या गाळणीच्या नळ्या आहेत ना, वाघाच्या विष्ठेच्या कामासाठी आणलेल्या, त्या वापरा. विष्ठेतली घाण निघते तर हळद का निघणार नाही?"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "हं. हे बोललीस कामाचं."

ह्या नळ्यांची गंमत अशी. बोटाएवढी नळी असते, तिच्या तोंडात एक इवला पेला बसतो. पेल्याच्या बुडाला इतका बारीक पडदा की डीएनएचे लांब धागे त्यातून जाऊ शकत नाहीत. मीठ, रंग, हळद, बारीकसारीक सगळं जातं. नळी सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवली की घाण खाली नळीत, डीएनए वर पेल्यात. पुन्हा पाणी घालायचं, पुन्हा फिरवायचं. दर वेळी वरचं जास्त स्वच्छ होतं आणि जास्त घट्ट. शेवटी पेला नव्या नळीवर उपडा ठेवून फिरवायचा आणि तो थेंब उतरवून घ्यायचा. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधतो तसंच हे. पाणी गळून जातं, चक्का फडक्यात राहतो.

पण आमची प्रयोगशाळा पडली चहा गाळणाऱ्यांची. रोजच्या कामाला आम्ही वेगळ्या नळ्या वापरायचो, दिसायला हुबेहूब अशाच. त्यांत डीएनए आधी वर चिकटून बसतो आणि शेवटच्या फेरीत खाली उतरतो. मग खालचं ठेवायचं आणि वरची गाळणी फेकायची, चहा गाळल्यासारखं. सरांनी आयुष्यभर तेच केलं होतं. वाघाच्या विष्ठेचं काम मी बघायची, सर फक्त निकाल बघायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर एप्रन घालून टेबलाशी आले. कोर्टाच्या नमुन्याला आमच्याकडे एक रीत होती. एकानं करायचं, दुसऱ्यानं शेजारी उभं राहून बघायचं आणि शेवटी सही करायची. बघणाऱ्यानं कशालाही हात लावायचा नाही. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिले, शाळेत शिक्षा झाल्यागत.

"सर, जमेल ना?"

"तुझ्या जन्माआधीपासून करतोय."

तुकडा विरघळवून जे पाणी निघालं ते चक्क केशरी होतं. सरांनी ते पेल्यात भरलं, नळी फिरवली. बाहेर काढली तर खाली नारिंगी पाणी साचलेलं. सरांना हुरूप आला. "बघ, बघ. केवढी हळद सोडली." पुन्हा पाणी, पुन्हा फेरी. आता खाली पिवळं. मग फिकट पिवळं. मग असं, की पांढऱ्या कागदासमोर धरलं तरच कळावं. मी मनात म्हणत होते, जा बाई, जा, सगळी खाली जा.

शेवटची फेरी झाली. सरांनी नळी काढली. पेला अलगद उचलला. खालच्या नळीला झाकण लावलं, स्टँडमध्ये ठेवली. आणि पेला धरलेला हात टेबलाच्या कडेच्या बादलीकडे नेला. त्या बादलीत ब्लीचिंगचं पाणी असायचं. त्यात जे पडलं ते संपलं, डीएनए तर पहिल्यांदा.

माझे हात पाठीमागे होते. पुढे आले असते तर मग तो नमुना कोर्टात कोणी मानला नसता.

"सर," मी म्हटलं, "चक्का टाकून राहिले तुम्ही."

हात बादलीवर थांबला. सरांनी स्टँडमधल्या नळीकडे पाहिलं, मग चिमटीतल्या पेल्याकडे. मग तो पेला त्यांनी इतका हळू मागे आणला की मला वाटलं आता वाटेतच पडतो. स्वच्छ नळीत ठेवला आणि स्टुलावर बसले.

"पुन्हा म्हण."

"डीएनए वर आहे सर. खाली नुसती हळद."

"हातानं परस्पर केलं," सर म्हणाले. "डोक्याला विचारलंसुद्धा नाही." त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "त्या माणसाला आज मी ब्लीचमध्ये बुडवलं असतं, धोटे."

पण पेल्यात डोकावलो तर आत काहीच नव्हतं. सरांनी रोजच्या नळ्यांचा वेग लावला होता, पाणी होतं नव्हतं तेवढं निघून गेलं होतं आणि पडदा कोरडा ठणठणीत. टपरीवरची ती पोरगी डोळ्यांपुढे आली, चुडा मागेपुढे करणारी. तुकडा संपला, नमुना संपला, आणि आत्ता एवढ्यात ती बाहेर कोणालातरी सांगत असेल, कानावर पांढरा ठिपका.

"गेलं सर."

"जात नाही कुठे," सर म्हणाले. आता त्यांचा आवाज ताळ्यावर आला होता. "फडक्याला चक्का चिकटतो तेव्हा काय करतेस?"

"चमच्यानं खरवडते."

"म्हणून तुला हात लावू देत नाही. इथे खरवडलं की पडदा फाटला. इथे नुसतं भिजवायचं आणि वाट बघायची."

सरांनी पडद्यावर दोन थेंब सोडले, पेला हलकेच झुलवला आणि झाकून ठेवला. आम्ही दोघं समोरासमोर बसून राहिलो. सरांनी मधेच विचारलं, त्या मुलीचं लग्न ठरलंय कुठे. मी म्हटलं, नियमाप्रमाणे तिच्याशी बोलायचं नाही ना. सर म्हणाले, मी कुठे बोलतोय, मी तर तुझ्याशी बोलतोय. मग मी सांगितलं, की नवरदेव ट्रॅक्टर चालवतो, पोरगा थांबायला तयार आहे, घरचे नाहीत. सरांनी मान हलवली आणि पेला पुन्हा एकदा झुलवला.

मग नवी नळी घेतली. पेला उपडा करून तिच्यात बसवला. ह्या वेळी सरांनी बटण दाबण्याआधी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. नळी फिरून बाहेर आली तेव्हा तिच्या बुडाशी एक थेंब होता. पाण्यासारखा नितळ, पिवळेपणा नावाला नाही.

त्याच्या प्रती काढायला मशीन लागलं ते दुपारभर. दुसऱ्या दिवशी त्या प्रती आम्ही काचेवरच्या जेलीसारख्या थरात सोडल्या आणि खाली दिवा लावला; जुळणारा डीएनए असेल तिथे चमकती पट्टी उठते. बोकडाच्या चाचणीत आमच्या थेंबाची पट्टी उठली होती, लख्ख. चितळाच्या चाचणीत त्याच जागी काळोख. नुसत्या पाण्याची नळी कोरी, जशी असायला हवी तशीच. सरांनी तोंडानं काही म्हणण्याआधी तिन्ही जागा बोटानं पुन्हा मोजून पाहिल्या.

"बोकड," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

मी तिथल्या तिथे खाली बसले. इतका जीव हलका झाला होता की हसू आवरेना. सर म्हणाले, उठ, अजून एकदा करायचं आहे, आणि डीएनएचं अक्षर न्‌ अक्षर वाचून घ्यायचं आहे. उरलेल्या थेंबात तेही झालं. बोकड तो बोकडच राहिला.

अहवाल सील होऊन कोर्टात गेला. तो तिथे उघडेपर्यंत कोणाला काही सांगायची सोय नव्हती. माझं तोंड बंद राहिलं असतं हो, पण चेहऱ्याची खात्री नव्हती, म्हणून मी टपरीवर जाणंच सोडलं. ते दिवस मी प्रयोगशाळेतल्या मशीनचा चहा प्यायले. त्याला चहा म्हणणं म्हणजे चहाचा अपमान आहे. सरांनी पुढे निवृत्तीच्या समारंभात माईक हातात घेऊन ही चक्क्याची गोष्ट स्वतःच सांगितली आणि सगळ्यांना हसवलं. टपरीवर काय झालं ते मात्र मी त्यांनाही कधी सांगितलं नाही. आज इतक्या वर्षांनी पहिल्यांदा सांगते आहे.

एके दुपारी वॉचमन म्हणाला, मॅडम, ती चुडेवाली आलीय. मी फाटकाशी गेले. बेबीनंदा एकटीच उभी होती. पलीकडे टपरीवर एक वाळका, केस बारीक कापलेला माणूस आमच्याकडे पाठ करून चहा सांगत होता.

"बोकड निघाला जी," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"बाबा सुटला. ते काय, चहा घेऊन राहिला तुमच्यासाठी."

आणि ती फाटकाजवळच्या कठड्यावर बसली आणि रडायला लागली. आनंदाचं रडू मी पाहिलेलं आहे. ते असं नसतं.

"अगं, आता कशाला? सुटला ना बाप?"

"मी बोकड पाह्यलाच नव्हता जी."

मला वाटलं माझ्याच ऐकण्यात काही चूक झाली.

"बाबा अंधारातच गेला होता," ती म्हणाली. "आला तं पोत्यात मटण घेऊन आला. आंगणात बोकड कधी बांधलाच नव्हता. काळा अन् ठिपका अन् पाला, सारं मी मनानंच सांगतलं."

"मग गं?"

"नाल्यात मुंडकं सापडलं तवाच मले वाटलं, बाबानंच मारलं. माह्या लग्नासाठी मारलं. मी लहान होती तवा तो फासे लावून ससे आणे. पुजारीबी नाही म्हणाला, मंग तं मले खातरीच झाली." तिनं नाक पुसलं. "तुमच्याजवळ येऊन बोकड बोकड करत होती जी मी रोज. अन् आतून वाटे, चितळच निघते आता, चितळच निघते. तो तिकडं खरं बोलून राहिला होता, अन् मी..."

"त्यांना सांगितलंस?"

"कसं सांगू?"

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मशीनला सोयरीक नसते म्हणून हिला मी किती तोऱ्यात सांगितलं होतं. हिला तेव्हा त्याचीच तर भीती होती.

तेवढ्यात लहानू आला. दोन हातांत मिळून तीन ग्लास धरलेले, बोटं भाजत होती तरी चहा सांडू दिला नव्हता. "राम राम मॅडम. पोरीनं सांगतलं, तुम्ही लय केलं."

"मी काही केलं नाही. मी नुसती उभी होते."

"लग्न धरलं पुन्हा. तुम्ही या बरं का. मटणच राहीन. ह्या बारीले कातडं घरीच ठेवतो, मुंडकंबी ठेवतो, ज्याले पाहाचं त्यानं पाहा." आणि तो हसला. जेलात राहून गाल बसले होते, पण हसणं चांगलं होतं. मलाही हसू आलं. पोरगी खाली बघत होती.

मग त्यानं तिन्ही ग्लास कठड्यावर ठेवले.

"साऱ्या गावाले शक होता मॅडम. माह्या सख्ख्या भावालेबी होता. त्याले म्या काही म्हटलं नाही, त्याचंबी काय चुकलं. पण ही पोरगी." त्यानं हनुवटीनं तिच्याकडे दाखवलं. "हिनं बोकड पाह्यलाच नव्हता. म्या आंगणात आणलाच नाही त्याले, परस्परच देवापाशी नेला. तरी ही साहेबाच्या तोंडावर म्हणते, म्या पाह्यला. कान कसा, ठिपका कसा. ठिपका नव्हता हो त्याले, भुरा होता तो. जेलात रोज मी तेच आठवून झोपत जाओ. न पाहता बापासाठी असं कोण बोलते? इतका भरवसा कोण ठेवते?"

बेबीनंदानं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. ती आता सांगणार होती.

"कोणी नाही ठेवत," मी मधेच म्हटलं. "इथेही रोज येऊन हेच सांगायची. बोकड होता, बोकड होता. आमचे कान किटले."

"रोज?"

"एक दिवस चुकली नाही."

"पाहा," तो म्हणाला, कोणाला ते त्यालाच ठाऊक. बेबीनंदानं ओढणी तोंडाशी धरली आणि आता मात्र तिला मोकळं रडू आलं, हमसून हमसून, चुडा वाजायला लागला. लहानू गोंधळला. तिच्या शेजारी कठड्यावर बसला, तिचा ग्लास उचलून तिच्या हातात दिला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"आता काऊन रडतं वो, येडे," तो म्हणाला. "बोकडच होता ना."